नाही समजलं त्याला गोळी

‘समजलं’ या शब्दाचा आमच्या वन्संइतका राग अख्ख्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणाला येत असेल असं मला वाटत नाही. कुणी शिवी दिली तर एकवेळ त्या ऐकून घेतील, पण त्यांनी काही सांगितल्यावर समोरच्यानं लगेच मान डोलावून ‘हो, समजलं’ म्हटलं, की त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घराणं मूळचं सिल्लोडकडचं, शेतीवाडीचं. पण वन्सं शिकल्या, बी.एड. झाल्या, आणि मुकुंदवाडी स्टेशनाच्या अलीकडच्या एका मराठी शाळेत गणित शिकवायला लागल्या, त्या अजून शिकवताहेत. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र असा की शेजारच्या वर्गातली पोरंही त्यांचेच पाढे म्हणायला लागतात. लग्न केलं नाही. का केलं नाही असं मी एकदा धाडस करून विचारलं होतं. तर म्हणाल्या, ‘‘आलेलं प्रत्येक स्थळ मी काहीही बोलले तरी हो म्हणायचं.’’

त्यांची माझी पहिली भेट माझ्या पाहण्याच्या कार्यक्रमातली. पोहे झाले, चहा झाला, आणि वन्संनी मला शेजारी बसवून त्यांच्या घरातली नातीगोती सांगायला सुरुवात केली. थोरल्या काकांची दुसरी बायको ही धाकट्या आत्याच्या जावेची बहीण, आणि म्हणून आत्याचा मुलगा एका बाजूनं दीर लागतो आणि दुसऱ्या बाजूनं मामेभाऊ. हे सगळं एका दमात सांगून त्यांनी विचारलं, ‘‘समजलं?’’ पाहायला आलेल्या लोकांसमोर मुलगी दुसरं काय म्हणणार? मी खाली मान घालून ‘हो’ म्हटलं. वन्संनी चष्मा वर सरकवला. ‘‘काय समजलं सांग बरं.’’ आई तिकडून डोळे वटारतेय, वडील पंख्याकडं बघताहेत, आणि मी काकांची बायको आत्याला देऊन मोकळी झाले. जाताना वन्सं दारातच, मला नीट ऐकू येईल अशा आवाजात, भावाला म्हणाल्या, ‘‘पोरगी चांगली आहे. पण हो लई म्हणते.’’ पुढं लग्न झालं. पण मी ‘हो लई म्हणते’ हा शेरा माझ्या नावापुढं जो लागला, तो बरीच वर्षं गेला नाही.

आता त्या गोळीचं सांगते. वन्संच्या खांद्याला एक काळी पर्स असते आणि पर्समध्ये पत्र्याचा एक गोल डबा. त्यात लिमलेटच्या गोळ्या. जगभरच्या मास्तरणी बरोबर उत्तर देणाऱ्याला बक्षीस देतात. आमच्या वन्सं ‘नाही समजलं’ म्हणणाऱ्याला देतात. काही नवं शिकवून झालं की त्या खडू खाली ठेवतात, हात झटकतात आणि विचारतात, ‘‘कुणाला नाही समजलं?’’ जो पहिला हात वर करेल त्याला गोळी. पोरं काय साधी असतात? सुरुवातीला गोळीसाठी सगळा वर्ग ढ झाला. मग वन्संनी पुढची मेख मारली. नुसतं ‘नाही समजलं’ चालणार नाही, काय नाही समजलं ते सांगायचं. पोरांना वाटलं, त्यात काय मोठं. पण नेमकं कुठं अडलं हे सांगायला निघालं की निम्मं तिथंच सुटतं, आणि पोरगं गोळी चघळत चघळत आपणच उरलेलं सोडवून मोकळं होतं. या प्रकारामुळं वन्संचा पोर्शन आजवर कधी वेळेवर संपलेला नाही. स्टाफरूममध्ये बाकीचे शिक्षक दिवाळीनंतर उजळणी घेत असतात, तेव्हा वन्सं कुठंतरी अपूर्णांकात अडकलेल्या असतात. पण त्यांची पोरं पुढं वरच्या वर्गांत गेली की तिथल्या शिक्षकांची मोठी पंचाईत होते, कारण ती उभी राहून ‘सर, नाय समजलं’ असं बेधडक सांगतात आणि वर गोळीसाठी हात पुढं करतात.

हा कायदा शाळेपुरता असता तर आम्ही निभावून नेलं असतं. पण वन्संना शाळा आणि जग यांतला फरक मान्य नाही. क्रांती चौकातल्या एका डॉक्टरांकडं मी त्यांना गुडघ्यासाठी घेऊन गेले होते. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, दोन-चार लांबलचक शब्द उच्चारले आणि ‘समजलं ना ताई?’ असं गोड आवाजात विचारलं. ‘‘नाही समजलं,’’ वन्सं म्हणाल्या. त्यांनी पुन्हा सांगितलं. ‘‘अजून नाही.’’ बाहेर पेशंटांची रांग, कंपाउंडर दोनदा आत डोकावून गेलेला. शेवटी घाम पुसत डॉक्टर म्हणाले, ‘‘खरं सांगू का, सूज नेमकी कशामुळं आहे ते मलाही अजून नीट समजलेलं नाही.’’ वन्संचा चेहरा खुलला. त्यांनी पर्स उघडली आणि त्या एवढ्या मोठ्या डॉक्टरांच्या तळहातावर लिमलेटची गोळी ठेवली. डॉक्टरांनी ती खाल्ली, हे विशेष. रिक्षावाल्याचीही तीच गत. त्यानं नुसतं ‘समझ्या मॅडम, मुकुंदवाडीच ना’ म्हटलं की वन्सं त्याच्याकडून सगळी वळणं-रस्ते म्हणून घेतात आणि मगच आत बसतात. आमच्याकडच्या सत्यनारायणाला तर गुरुजी आता आधीच चौकशी करतात, ‘‘ताई येणार आहेत का? मग जरा लवकर सुरू करू.’’

शाळेत नवं यंत्र आलं की वन्सं त्याला नव्यानं दाखल झालेल्या पोराप्रमाणं वागवतात. आधी टीव्ही आला. ‘‘बडबड्या आहे, दुसऱ्याचं ऐकून घेत नाही,’’ असा शेरा मिळून तो मागं पडला. मग कॉम्प्युटर आले. ते बंद खोलीत, चपला बाहेर काढून बघायचे. ‘‘देवघरात ठेवलेल्याशी दोस्ती कशी होणार?’’ असं त्यांचं म्हणणं. शाळा बंद होत्या त्या काळात त्यांनी डाळीच्या डब्याला मोबाईल टेकवून वर्ग घेतले, आणि पडद्यावरच्या त्या चौकोनांतल्या चेहऱ्यांना ‘कुणाला नाही समजलं’ विचारून गोळी कॅमेऱ्यासमोर नुसती धरून दाखवली. ‘‘शाळा उघडली की देईन,’’ म्हणाल्या, आणि उघडल्यावर खरंच सगळ्यांच्या दिल्या. अलीकडं फोनमध्ये विचारलं की उत्तर देणारी ती नवी बुद्धी आली, तेव्हा मला वाटलं होतं की आता यांचं बिनसणार. तसं काही झालं नाही. वन्संनी तिला पावणेतीनशेत पंचवीस मिळवायला सांगितले. तिनं पावणेतीनशे म्हणजे तीनशेला पाव कमी असं धरून मोठ्या झोकात भलतंच उत्तर दिलं. चूक दाखवल्यावर लगेच माफी मागितली, चूक दाखवून दिल्याबद्दल आभार मानले, आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच. मी हसायला लागले. वन्सं मात्र गंभीर होत्या. ‘‘चुकला याचं मला काही वाटत नाही गं. पोरं चुकतातच. पण हा अडत नाही. एकदाही म्हणाला नाही की मला नाही समजलं. याला गोळी कशी द्यायची?’’

तर अशा वन्संच्या शाळेत या वर्षी पॅनल आलं. फळ्याच्या जागी भिंतीएवढा काचेचा पडदा, आणि त्यात एका कंपनीनं भरून दिलेले सगळ्या विषयांचे तयार पाठ. आजूबाजूला इंग्रजी शाळा फोफावलेल्या, त्यांच्या गाड्या दारापर्यंत यायला लागलेल्या, तेव्हा आपली शाळाही काळाबरोबर गेली पाहिजे असं संस्थेनं ठरवलं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. चूक पुढं होती. सचिवसाहेबांनी असं काढलं की पॅनलच शिकवणार असेल तर तुकड्या वेगळ्या कशाला? येत्या जूनपासून सातवीच्या सगळ्या तुकड्या हॉलमध्ये एकत्र बसतील, गणित पॅनल शिकवेल, आणि वन्सं मागच्या बाकावर बसून फक्त शिस्त बघतील. वन्संच्या निवृत्तीला एक वर्ष उरलंय. ‘‘बाई, तुम्हालाही आराम,’’ असं सचिव म्हणाले. हे सचिव एकेकाळी वन्संच्याच वर्गात होते.

त्या संध्याकाळी वन्सं आमच्याकडं आल्या. मी चहा ठेवला. त्यांनी तो न पिता गार केला. मग म्हणाल्या, ‘‘ते पॅनल वाईट नाही गं. घन कसा उलगडतो ते त्यानं असं हवेत फिरवून दाखवलं. मला इतकी वर्षं फळ्यावर ते काही जमलं नाही. पाहून माझेच डोळे भरून आले. मला त्याच्याशी भांडायचं नाही. पण मागं बसून नुसतं गप्प करायचं म्हणजे...’’ त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. त्यांना अर्धवट सोडलेलं काही चालत नाही, म्हणून मला ते फार लागलं.

शनिवारी सकाळी प्रात्यक्षिक होतं. संस्थेचे लोक, पालक, कंपनीचा माणूस, सगळे जमणार होते. ‘‘कुणीतरी घरचं असू दे,’’ म्हणून वन्संनी मलाही नेलं. हॉलमध्ये पोरं मांडी घालून बसलेली, पुढं पॅनलला हार घातलेला, नारळ फोडून झालेला. वन्संना ठरल्याप्रमाणं सगळ्यात मागं, पोरांच्याच बाकावर जागा दिलेली. मुख्याध्यापकांनी त्यांना हळूच बजावलं होतं, ‘‘बाई, आज मधे बोलू नका.’’ कंपनीच्या माणसानं बटण दाबलं आणि पडद्यावर चष्मा लावलेला एक ससा आला. आवाज मधाळ, भाषा अशी शुद्ध की आमच्याकडं लग्नपत्रिकेतही नसते. ‘‘नमस्कार बालमित्रांनो! ऋण संख्येला ऋण संख्येनं गुणलं की उत्तर येतं धन! समजलं ना?’’

सगळा हॉल एकदम हात वर करून बसला.

ससा तीन-चार क्षण थांबला, कान हलवले आणि म्हणाला, ‘‘शाब्बास! तुम्ही सगळे किती हुशार आहात!’’ पडद्यावर चांदण्यांचा पाऊस पडला. पहिल्या रांगेतली आफरीन नावाची एक पोरगी उठून उभी राहिली. ‘‘नै समझ्या,’’ ती सशाला म्हणाली. ससा पुढच्या उदाहरणावर गेला. मग मागची दोन पोरं उभी राहिली, मग त्यांच्या मागची. व्यासपीठावरचे एक वयस्कर सभासद कुजबुजले, ‘‘पोरं हात कशाला वर करायलेत?’’ मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘उत्साह आहे साहेब.’’ पालकांमधून एक बाप ओरडला, ‘‘अवो कशाचा उत्साह, त्यांना समजंना झालंय!’’ ससा तिकडं दुसऱ्यांदा शाब्बास म्हणत होता. आणि माझ्या लक्षात आलं की पोरांचे हात पुढं पॅनलकडं आहेत, पण माना सगळ्यांच्या मागं वळलेल्या. मी वन्संकडं पाहिलं. त्यांनी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. गप्प बसायचं कबूल केलं होतं, आणि दिलेला शब्द त्या मोडत नाहीत. त्यांनी तो मोडलाही नाही. त्या बाकावरून उठल्या आणि पोरांप्रमाणं मुकाट्यानं स्वतःचा हात वर केला.

कंपनीच्या माणसानं घाबरून ससा थांबवला. सचिव कसनुसं हसत म्हणाले, ‘‘बाई, तुम्हाला नाही समजलं? अहो, तुम्हीच तर मला हे शिकवलं.’’

आता विचारलंच म्हटल्यावर वन्सं कशाला गप्प बसतील! ‘‘तुला तरी समजलं होतं का रे? ऋण गुणिले ऋण धन का येतं, सांग बरं.’’

‘‘नियमच आहे तो, बाई.’’

‘‘का आहे?’’

अख्ख्या हॉलचं लक्ष सचिवांकडं. त्यांनी पालकांकडं पाहिलं, पॅनलकडं पाहिलं, पण ससा तोंड उघडं टाकून तसाच थांबलेला. मग त्या पांढऱ्या कडक शर्टातून सातवीतलं पोरगं बोललं, ‘‘नाय समजलं, बाई. तवाही नव्हतं समजलं. हात वर केला नाही एवढंच.’’

वन्सं मागून चालत पुढं आल्या आणि सचिवांच्या तळहातावर गोळी ठेवली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मग त्या कंपनीच्या माणसाकडं वळल्या. ‘‘बाळा, तुझ्या मोबाईलमध्ये चालत्या माणसाचं चित्र घेऊन ते उलटं फिरवता येतं का? आणि या काचेवर दाखवता येतं?’’ येतं म्हणाला. ‘‘मग तू चल,’’ त्या सचिवांना म्हणाल्या. ‘‘पाठ तिकडं कर आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उलटा चाल.’’ संस्थेचे सचिव, तोंडात लिमलेटची गोळी, उलट्या पावलांनी हॉलभर चालले. एकदा नारळाच्या करवंटीवर पाय पडता पडता वाचला. कंपनीच्या माणसानं ते टिपलं, थोडी खटपट केली, आणि पॅनलवर सचिव झळकले.

‘‘हा मागं चालला. हे एक ऋण,’’ वन्सं म्हणाल्या. ‘‘आता चित्रच उलटं फिरवू. हे दुसरं ऋण. बघा बरं, कुठं चाललाय?’’

पडद्यावर सचिवसाहेब छाती पुढं काढून ताडताड पुढं निघाले.

‘‘पुढंऽऽ!’’ हॉल दणाणला. तो मघाचा बाप पुन्हा ओरडला, ‘‘आरं तिच्या, संस्था पुढं चालली की!’’ सगळ्यात मोठ्यानं सचिवच हसले, आणि आफरीन खाली बसताना म्हणाली, ‘‘ऐसा बोलो ना फिर.’’ वन्सं मात्र पोरांकडं बघतच नव्हत्या. त्या पॅनलकडं टक लावून उभ्या होत्या. ‘‘अजून एकदा फिरव रे,’’ असं त्यांनी तीनदा म्हटलं. इतकी वर्षं त्या हे खडूनं बाण काढून सांगत आल्या होत्या.

माझी कल्पना अशी होती की आता सचिव भाषण करतील, ससा हद्दपार होईल आणि वन्संची तुकडी त्यांना परत मिळेल. संस्था अशा चालत नाहीत. हॉल राहिला, पॅनल राहिलं, सगळ्या तुकड्या एकत्र बसवायचंही राहिलं. बदललं एवढंच की पॅनलचा ताबा वन्संकडं दिला. कुठं थांबवायचं, काय दाखवायचं ते त्यांनी ठरवायचं, पाठही त्यांनीच तयार करायचे. आणि सचिव हळूच पुढं म्हणाले, ‘‘मात्र जूनपर्यंत तुम्हाला ते चालवता आलं पाहिजे, बाई. नाहीतर मग...’’ नाहीतर मग मागचा बाक.

म्हणून सध्या दर रविवारी दुपारी वन्सं आमच्याकडं असतात. मी विम्याच्या कचेरीत काम करते, माझे हात दिवसभर कॉम्प्युटरवर, तेव्हा शिकवायचं काम माझ्याकडं आलंय. वन्सं जुना लॅपटॉप उघडून जेवणाच्या टेबलाशी बसतात, पाठ ताठ, पर्स मांडीवर. परवाची गोष्ट. मी त्यांना चित्रफितीचे तुकडे करून पाठात कसे जोडायचे ते दाखवत होते. इथं धरायचं, तिथं सोडायचं, मग जतन करायचं, नाहीतर सगळं उडून जातं. भराभर सांगितलं, कारण मला ते येतं, आणि येणाऱ्या माणसाला सावकाश सांगणं जमत नाही. आणि सवयीनं विचारून गेले, ‘‘समजलं ना, वन्सं?’’

‘‘हो,’’ वन्सं म्हणाल्या.

मला ऐकलेलं खरं वाटेना. लॅपटॉपवरचं त्यांचं बोट मी दाखवलेल्या पहिल्याच जागी टेकलेलं होतं. चष्म्यामागचे डोळे पडद्याकडं होते, पण पडदा बघत नव्हते. पाहण्याच्या दिवशी माझ्या मांडीवर माझे हात जसे आवळलेले होते, तसा त्यांचा दुसरा हात पर्सवर होता. मला एकदम फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि थोडं माझ्यासाठीही. खरं तर सूड घ्यायची अशी संधी कुठल्या भावजयीला मिळते? मी चष्मा वर सरकवल्यासारखं केलं आणि म्हटलं, ‘‘काय समजलं सांगा बरं.’’

वन्संनी माझ्याकडं पाहिलं. आधी रागानं, मग जरा वेळानं तसं नाही. हॉलमध्ये त्यांनी वर केलेला हात नाटकी होता, ते गणित त्यांना झोपेतही येतं. हा हात मात्र वर जाईना. अर्ध्यावर अडला, चष्म्यापाशी घुटमळला, आणि मग हळूच कानाच्या वर गेला.

‘‘नाही समजलं गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘धरायचं कुठं ते समजलं. सोडायचं कधी, ते नाही.’’

मग त्यांनी पर्समधून पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडून माझ्यापुढं सरकवला आणि आपला तळहात समोर धरला. मी त्यावर एक गोळी ठेवली. वन्संनी ती गालात टाकली, पदर खोचला, खुर्ची पुढं ओढली, आणि मी पहिल्यापासून, सावकाश सांगायला लागले.